सर बोलून राह्यले

खालाच्या माडीवर जायचं तर चपला खालच्या पायरीशी काढाव्या लागत. वर कापसाच्या गठड्या असायच्या, पण चपला त्यांच्यासाठी काढायच्या नव्हत्या. वर आमचे सर होते, म्हणून काढायच्या. हे सर मोबाईलच्या पडद्यावरचे. सकाळच्या तासाला तिकडं कुठंतरी दूर, पुण्याच्या बाजूला, आपल्या खोलीत बसून शिकवायचे. पण खालाच्या हिशेबी ते माडीवर आलेले असत, आणि सर घरात असताना चपला घालून फिरायचं, लोळत बसायचं, शेंगदाणे खायचे हे तिला चालत नसे.

बुलढाण्याकडच्या धाड गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. खाली कापूस पिंजायची मशीन आणि गाद्या-रजयांचं दुकान, वर ही माडी. नवरा वारल्यावर दुकान तीच चालवायची. मुलगा जालन्याकडे गॅरेजमध्ये कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायचा. तिचं नाव मला माहीत होतं, पण कधी घ्यायची वेळ आली नाही. अख्खी गल्ली तिला खालाच म्हणायची. आम्हीही पहिल्या दिवसापासून खाला म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, तुम्ही-बिम्ही करू नका, मावशीले कोनी तुम्ही म्हनते काय.

आम्ही म्हणजे मी आणि नंदा. दोघी धाडच्या पलीकडच्या एका लहानशा गावातल्या, एका वर्गातल्या. बारावी झाली तेव्हा बुलढाण्याला खोली घेऊन कॉलेज करणं दोघींच्याही घरी झेपणारं नव्हतं. बीटी कपाशीची पहिली काही वर्षं गावात सगळ्यांचीच बरी गेली होती. आमच्याकडे फरशी बसली ती त्याच वर्षांत. मग गुलाबी अळी बीटीलाही जुमानेना. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत सगळं किडलेलं. अशा दिवसांत माझ्या मामानं ऑनलाईन पदवीचं काढलं. घरी राहून बी.कॉम. होतं, अकाउंटिंग घेतलं तर जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये नोकरी लागते, असं त्याचं म्हणणं. बाबांनी पीक निघाल्यावर फी भरली. मग कळलं की घरात रेंजच नाही.

धाडला खालाच्या घरामागं टॉवर होता. नंदाच्या आईनं तिच्याकडून रजई भरून घेतली होती, तेवढ्या ओळखीवर आम्ही गेलो. खालानं आमचं सगळं ऐकून घेतलं. भाड्याचं विचारलं तर म्हणाली, बापाले सांग, धुऱ्या-बांधाच्या कडेनं दोन-चार ओळी देशी कपाशी लाव माह्यासाठी. बीटीचा धागा लांब असतो, तो गिरणीला बरा. रजईत तो दबून बसतो, ऊब धरत नाही, असं तिचं मत होतं आणि ते ती बाजारात उभी राहून कुणालाही ऐकवायची. देशी कापूस तालुक्यातून जवळपास गेलाच होता. बाबा हसले, पण त्यांनी कुठूनतरी बी मिळवलं आणि लावलं.

पहिल्याच तासाला आम्ही मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून जमिनीवर ठेवला. खाला जिन्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी आलो तर तिथं एक छोटी गादी होती, लाल खोळीची, वीतभर उंचीची, मागं टेकायला लोडासारखा उंचवटा. तिनं आमच्या हातातून मोबाईल घेतला आणि त्या गादीवर नीट बसवला.

"मास्तराले जमिनीवर बसवतात काय," ती म्हणाली.

पुढची तीन वर्षं सर त्या लाल गादीवरून बोलले.

तास चालू असताना ती मशीन बंद ठेवायची. गिऱ्हाईक आलं तर ओठावर बोट ठेवून वर दाखवायची, आणि तरी ते बोलत राहिलं तर हळूच म्हणायची, "सर बोलून राह्यले." एकदा मशिदीच्या वर्गणीला आलेली दोन मोठी माणसं तिनं दारातच उभी ठेवली होती. ती स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, डोक्यावर ओढणी घेऊन बसायची. सरांचं अर्धं इंग्रजी, अर्धं पुस्तकी मराठी. तिला त्यातलं काही समजत नसे आणि समजून घ्यायचा तिचा प्रयत्नही नव्हता. सरांचं बोलणं रेडिओवानी हाय, एवढंच म्हणायची.

शिक्षणाचं खरं सांगायचं तर ते सोपं नव्हतं. पोर्टल ऐन वेळी अडकायचं. स्वाध्याय चढवताना गोल फिरत राहायचं आणि मुदत संपायची. नंदाचं आडनाव विद्यापीठानं चुकीचं लिहिलं होतं, ते दुरुस्त व्हायला एक अख्खं सत्र गेलं. तासाला आमच्यासारखी कितीतरी मुलं असत, पण दिसायचे नुसते काळे चौकोन, खाली नावं. कुणाचा कॅमेरा चालू नाही, कुणाचा आवाज नाही. शेजारी बसलेल्याला विचारावं तर शेजारी कुणी नाही. मी आणि नंदा एकमेकींना होतो, हे आमचं नशीब.

सर दर थोड्या वेळानं विचारायचे, "समजलं का?" मग थांबायचे. सगळे चौकोन गप्प. "ठीक आहे, पुढे जाऊ," असं म्हणून सर पुढं जायचे. आम्हाला त्यात काही वाटत नसे. माईक बंद ठेवा असा नियमच होता.

आठवडाभर हे ऐकल्यावर खालाला राहवलं नाही. तास संपल्यावर ती आम्हाला म्हणाली, "मास्तर इचारून राह्यला न् कोनी हाव म्हनत नाही. काऊन?"

आम्ही माईकचं सांगितलं. तिला ते पटलं नाही. मग तिनं आपल्या गावची गोष्ट सांगितली. ती लहान असताना त्यांच्या गावी एक उर्दू मास्तर आले होते. पोरं बुजरी, मास्तरांनी काही विचारलं की खाली मान घालून बसायची. मास्तर विचारून विचारून थकले. एके दिवशी बदली घेऊन गेले, दुसरे आले नाहीत, आणि शाळेची खोली कडब्याला गेली. ती चौथीत होती. एवढं सांगून ती म्हणाली, "मास्तर जाते, मंग शाळा जाते. तुमी बोला."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं तेव्हा मी माईक चालू करायला बोट पुढं केलं, पण धीर होईना. मागून जिन्यातून आवाज आला, "हाव, सर." माईक तेवढ्यात चालू झाला होता.

सर दचकले. कोण बोललं ते त्यांनी विचारलं. मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, सर, आमच्या घरमालकीण आहेत. मला वाटलं, आता रागावतील. ते कॅमेऱ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा." खालानं तिथूनच कपाळाला हात लावून सलाम केला. सरांना तो दिसला नसणार.

तेव्हापासून ती रीतच पडली. सरांनी विचारलं की आम्ही दोघी "हो सर" म्हणायचो, आणि आमच्या मागून एक "हाव". हळूहळू दुसरेही काही चौकोन बोलायला लागले. कुणी नांदेडकडचा मुलगा होता, कुणी धुळ्याची बाई होती, तिच्या मागं नेहमी लहान मूल रडायचं. समजलं नाही असं म्हणायची हिंमतही त्यातूनच आली. पहिल्यांदा "नाही समजलं" म्हटलं ते नंदानं, आणि सर इतके खूश झाले की तो धडा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवला.

गावात मात्र आमच्या शिक्षणाला कुणी शिक्षण मानत नव्हतं. मोबाईलवरची डिग्री म्हणायचे. माझ्यासाठी स्थळ आलं, त्या लोकांनी तोंडावर विचारलं की पोरगी कॉलेजात गेली नाही तर पदवी कशी खरी. ते वर्ष वाईट होतं. पहिल्या वेचणीनंतर अळीनं सगळं खाल्लं, बाबांनी कपाशीची उभी पऱ्हाटी नांगरून टाकली आणि रब्बीला हरभरा घेतला. नंदाच्या घरी तर विहिरीचं ओलितही नव्हतं. तिला आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जावं लागलं. वेचणी सकाळी, तासही सकाळी. काही दिवस तिनं कानात वायर घालून वेचता वेचता ऐकायचा प्रयत्न केला, पण तिकडं रेंज येत-जात राहायची. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात तिनं सोडलं. मी एकटी माडीवर गेले त्या दिवशी खालानं जागा बदलली. जिन्याच्या पायरीवरून उठली आणि येऊन माझ्या शेजारी, नंदाच्या जागी बसली.

बाबा मला न्यायला आले ते त्याच दिवसांत. बाजाराचा वार होता. मला घरी कुणी बोललं नव्हतं, पण ते कशाला आले ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. स्थळाकडच्यांना होकार द्यायचा ठरला होता. ते तरातरा जिना चढून आले. सरांचा तास चालू होता. खालानं त्यांच्या पायांकडं पाहिलं. ते परत खाली गेले, चपला काढून वर आले. काही बोलणार तोच ती हळूच म्हणाली, "बसा भाऊ. सर बोलून राह्यले."

माझे बाबा कुणाचं ऐकून बसणारे नाहीत. पण ते बसले. मला वाटतं, त्या खोलीत उभं राहून बोलणं जमण्यासारखंच नव्हतं.

त्या दिवशी घसारा होता. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी उतरत जाते, ती हिशेबात कशी धरायची, हे सर सांगत होते. गाडी, यंत्र, इमारत, टेबलखुर्ची, सगळ्यांवर घसारा धरतात. जमिनीवर धरत नाहीत. "काही शंका?" सरांनी विचारलं.

बाबा पुढं सरकले. माईक चालू होता.

"सर, जमिनीवर काऊन नाही धरत? आमची तं दरसाल उतरून राह्यली."

पडद्यावर सर आपल्या पुस्तकाकडं पाहत राहिले. मग त्यांनी समजावून सांगितलं की यंत्राला आयुष्य असतं, पाच वर्षं, दहा वर्षं. जमीन संपत नाही, असं शास्त्र धरून चालतं, म्हणून तिच्यावर घसारा नाही. एवढं सांगून ते थांबले आणि म्हणाले, "पण तुम्ही म्हणता ते हिशेबात कुठं लिहायचं, हे मला खरंच माहीत नाही. माझे आजोबा शेतकरी होते. मी त्यांना कधी विचारलं नाही."

तास संपला. खालानं त्यांना चहा दिला. स्थळाचा विषय त्यांनी काढलाच नाही. जिना उतरताना मला म्हणाले, "मास्तर खोटं बोलत नाही तुहा. परीक्षा होऊ दे." आणि बाजारात निघून गेले.

तिला खोकला होता. जन्मभर कापूस पिंजलेल्या माणसाच्या छातीत जी कुसं बसतात, त्यांचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो कधीमधी यायचा. त्या हिवाळ्यात तो सुटेनाच. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं होतं. तिनं तोंडाला ओढणी बांधून काम चालू ठेवलं.

डिसेंबरात परीक्षा होती. ही परीक्षा घरूनच, पण कॅमेरा आणि माईक चालू ठेवून. खोलीत दुसरं कुणी नको, दुसरा आवाज नको. आवाज आला की पडद्यावर ताकीद येते, ताकिदी वाढल्या की पेपर बंद होतो. आधी एक सराव परीक्षा झाली. त्यात जिन्यातून खालाचा खोकला आला आणि ताकीद पडली. मग अजून एक. सराव संपल्यावर तिनं विचारलं, ते लाल-लाल काय येऊन राह्यलं होतं. मी सांगितलं ते तिनं नीट ऐकून घेतलं, आणि "बरं" म्हणून उठली.

खऱ्या पेपरच्या सकाळी मी पोचले तर दार नुसतं लोटलेलं, मशीन झाकलेली, माडी झाडून ठेवलेली. खाला घरात नव्हती. मला वाटलं, नातेवाईकांकडं गेली असेल. पेपर देऊन खाली आले तरी तिचा पत्ता नाही. शेजारची म्हणाली, स्टँडकडं जाताना दिसली.

ती एसटी स्टँडच्या बाकावर बसलेली होती. अंगावर रजई गुंडाळून, खोकत. तिथल्या कंट्रोलरनं मला सांगितलं की बाई सकाळपासून बसली आहे, कुठं जायचं विचारलं तर म्हणते, कुठंच नाही, पोरीचा पेपर हाय. मी तिला हाताला धरून उठवलं. तिचा हात गार पडला होता.

"सर खोकल्याचं काही बोलले काय?" तिनं विचारलं.

म्हटलं, नाही, एकही ताकीद आली नाही. तिचं समाधान झालं. मी पुष्कळ सांगितलं की पुढच्या पेपरला शेजारी बस, एवढ्या थंडीत स्टँडवर जाऊ नको. शेजारच्या घराची न् आपली भिंत एकच आहे, आवाज जातो, असं तिचं म्हणणं. प्रत्येक पेपरला ती स्टँडवर जाऊन बसली. त्या परीक्षेत मी चांगल्या गुणांनी पास झाले.

मिरगाच्या आधी, उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत, खाला गेली. मुलगा जवळ होता. बाबांनी खांदा दिला. पुढं मुलानं मशीन विकली, घर मात्र ठेवलं, आणि माझी पदवी होईपर्यंत माडी माझ्याकडं राहू दिली. आता मी चिखलीच्या एका जिनिंगमध्ये हिशेब पाहते. लग्नही झालं, दुसऱ्या ठिकाणी. माझं पदवीपत्र खरं आहे का, असं तिथल्या लोकांनी विचारलं नाही.

पण खाला जायच्या आधी, एप्रिलमध्ये, सर आले होते.

विद्यापीठाच्या कामासाठी त्यांना बुलढाण्याला यायचं होतं. मी आधी तासाला सांगितलं होतं की खाला आजारी आहे. त्यांनी पत्ता विचारला आणि दुपारच्या बसनं धाडला आले. मी स्टँडवर घ्यायला गेले तर ओळखूच आले नाहीत. पडद्यावर छातीपर्यंतच दिसायचे, म्हणून आम्ही त्यांना उंच समजत होतो. ते चांगलेच बुटके होते, केस पिकलेले, हातात मोसंब्यांची पिशवी.

खाला खालच्या खोलीत खाटेवर होती. दोन वर्षं ज्या माणसाला तिनं बेधडक उत्तरं दिली, तो दारात आल्यावर ती बावरली. उठून बसायला मला हात मागितला, ओढणी नीट केली, खाली पाहत राहिली. सर मोसंब्यांची पिशवी धरून उभे होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. शेवटी तीच बोलली.

"सर, तुमी शिकवलेलं मले काही समजत नव्हतं. उगाच हाव म्हनत होती मी."

"मला माहीत होतं," सर म्हणाले.

"मंग रागावले नाही?"

सरांनी मान हलवली. मग सांगितलं की आमच्या पहिल्या वर्षी ते हे शिकवणं सोडणार होते. भिंतीशी बोलल्यासारखं होतं, रोज तास संपला की घरात आपलाच आवाज ऐकू येतो. राजीनामा लिहून झाला होता. ते हे तिला सांगत होते, पण पाहत होते माझ्याकडं, कारण तिच्याकडं पाहून त्यांना बोलता येत नव्हतं.

"आता?" खालानं विचारलं.

"आता नाही सोडत. जुलैत नवं सत्र सुरू होतं. मीच आहे."

खाला विचार करत राहिली. श्वास घ्यायला तिला वेळ लागत होता. मला वाटलं, ती समाधानानं काहीतरी म्हणेल, अल्लाचं नाव घेईल. तिनं सरांकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "सर, एक सांगू काय. तास सकाळी नोका ठेवू. जुलैत निंदन असते, मंग वेचनी. पोरी वावरात असतात सकाळी. सांजच्याले ठेवा."

सरांनी हे आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. कोणत्या पोरी, त्यांनी विचारलं. खालानं नंदाचं नाव सांगितलं. सरांना ते नाव आठवत होतं. तिचे राहिलेले पेपर नंतरही देता येतील, असं ते म्हणाले.

त्या जुलैत तास संध्याकाळी सातला लागला. मी माडीवर एकटी होते. पडद्यावर काळे चौकोन एकेक करून उमटत गेले, आणि त्यांत एक चौकोन उजेडाचा आला. नंदा गावच्या वेशीपाशी पाराला टेकून बसली होती, जिथं थोडी रेंज यायची. पाठीमागं कुणाची तरी बैलगाडी जात होती. तिच्या अंगावर निंदणाचेच कपडे होते, हाताला माती होती, आणि ती कॅमेरा बंद करायला विसरली होती.